सीआरपी रोज मोजता, मग ताट कोण मोजणार?

रुग्णालयात भरती असलेल्या तुमच्या नातेवाइकाचा केसपेपर एकदा हातात घेऊन बघा. दर काही तासांनी घेतलेला ताप त्यावर असतो. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, लघवी किती झाली, सलाईन किती गेलं, सगळं आकड्यांत असतं. सीआरपी परवा १८० होतं, आज १२० आहे, हेही असतं. आता त्याच कागदावर शोधा: काल या माणसाने काय खाल्लं, आणि किती खाल्लं? बहुतेक ठिकाणी 'डाएट – सॉफ्ट' एवढे दोनच शब्द सापडतील. कधी कधी तर वजनाची जागाही कोरी असते.

हा लेख त्या दोन शब्दांविरुद्ध आहे.

न्यूमोनिया, क्षयरोग, पोटातला पू, ऑपरेशननंतरचं इन्फेक्शन, संधिवात, आतड्याची सूज हे आजार वेगवेगळे असले तरी त्यांच्यात एक गोष्ट समान असते. ती म्हणजे शरीरात पेटलेला दाह, ज्याला आम्ही डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतो. अशा रुग्णाचं अन्न हा उपचाराचा भाग आहे. त्याला मात्रा असते, वेळ असते आणि दुष्परिणामही असतात. म्हणूनच ते अँटिबायोटिकसारखं ठरवून, लिहून आणि मोजून द्यायला हवं. आपण नेमकं उलट करतो. खरोखर आजारी असलेल्या माणसाला पेजेवर ठेवतो आणि धडधाकट माणसाला 'दाहनाशक' पावडरी विकतो. या दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. का, ते सविस्तर सांगतो.

दाहात शरीर स्वतःलाच खातं

आधी थोडं शास्त्र. शरीरात जंतू शिरले, जखम झाली किंवा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटली, की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात. त्यांना सायटोकाइन्स म्हणतात. इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही त्यातली दोन महत्त्वाची. ही रसायनं एकाच वेळी चार ठिकाणी काम करतात.

मेंदूत ती भूक मारतात. त्यामुळे तापातला रुग्ण 'नको, नको' म्हणतो तो हट्टाने नव्हे, आजारामुळे.

स्नायूंमध्ये ती प्रथिनं मोडायला लावतात. यकृताला घाईने काही प्रथिनं बनवायची असतात, जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही कच्चा माल हवा असतो. तो मांड्या, दंड आणि छातीच्या स्नायूंतून काढला जातो.

यकृतात ती सीआरपीसारखी प्रथिनं वाढवतात आणि अल्ब्युमिनचं उत्पादन कमी करतात.

इन्सुलिनचं काम ती बिघडवतात. म्हणून मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर गंभीर आजारात वाढलेली दिसते.

टीएनएफला पूर्वी 'कॅकेक्टिन' असं नाव होतं. कॅकेक्सिया म्हणजे शरीर झिजून जाणं. ते झिजवणारा पदार्थ शोधणाऱ्यांना १९८५ च्या सुमारास कळलं, की तो आणि टीएनएफ एकच आहेत. आपल्याकडे तर हे निरीक्षण आजाराच्या नावातच आहे. टीबीला आपण क्षय म्हणतो.

इथे एक फरक समजून घ्या, कारण सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. निरोगी माणूस एकादशीचा किंवा नवरात्रातला उपास करतो, तेव्हा शरीर शहाणपणाने वागतं. ते हळूहळू चरबीवर चालायला लागतं आणि स्नायू जपून वापरतं. दाह असलेल्या रुग्णात ही काटकसर चालत नाही. तो उपाशी असला तरी स्नायू तुटतच राहतात. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचं सोनोग्राफीने मोजमाप केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या १० दिवसांत त्या स्नायूचा आकार सरासरी १७ टक्क्यांहून अधिक घटला होता. म्हणजे 'एवढे दिवस उपास करतोच की, चार दिवस नाही खाल्लं तर काय होतं?' हा हिशेब आजाऱ्याला लागूच होत नाही.

आणि स्नायू म्हणजे फक्त व्यायामशाळेत दाखवायची वस्तू नव्हे. खोकून कफ बाहेर काढायला स्नायू लागतात. श्वास घ्यायला, कूस बदलायला, संडासला उठून जायला स्नायूच लागतात. 'आजार बरा झाला, पण बाबा पुन्हा उभेच राहिले नाहीत' ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. अशा कित्येक घरांत आजाराइतकीच उपासमारीने माती केलेली असते.

आजाऱ्याच्या ताटाचा हिशेब

आता ५० किलो वजनाचा एक रुग्ण घ्या. आजारातून सावरण्याच्या काळात त्याला दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्याकडच्या 'हलक्या' आहारातून त्याला काय मिळतं ते पाहू.

दोन कप चहा, चार ग्लुकोज बिस्किटं, दोन वाट्या तांदळाची पेज, एक शहाळं, एक पेला मोसंबीचा रस आणि वाटीभर वरणाचं वरचं पाणी. ढोबळ हिशेबाने हे सगळं मिळून ६०० कॅलरी आणि फार तर १० ते १२ ग्रॅम प्रथिनं होतात. गरजेच्या निम्म्याहून कमी ऊर्जा, आणि प्रथिनं पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी.

साबुदाण्याची खीर दिली तरी चित्र फारसं बदलत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नावालाच. खिरीत जे थोडं मिळतं ते दुधाचं. शहाळ्याचं पाणी चांगलं आहे, तहान भागवतं, पोटॅशियम देतं, पण ते अन्न नाही. वरणाचं पाणी काढून आजाऱ्याला देतात आणि खाली राहिलेली डाळ घरचे खातात. प्रथिनं त्या डाळीत होती!

आणि सलाईन? 'काही खात नाहीये डॉक्टर, निदान एक सलाईन तरी लावा, ताकद येईल' ही विनंती न ऐकलेला डॉक्टर महाराष्ट्रात नसेल. नॉर्मल सलाईनच्या बाटलीत पाणी आणि मीठ असतं. कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे २०० च्या आत कॅलरी. एवढ्या कॅलरी दोन पोळ्यांतून मिळतात. पाणी कमी झालं असेल, रक्तदाब उतरला असेल, तर सलाईन जीव वाचवतं. पण ते जेवण नव्हे. सलाईन चालू आहे म्हणून रुग्णाच्या खाण्याकडे दुर्लक्ष झालं, तर त्या बाटलीने फायद्यापेक्षा तोटाच जास्त केला.

अल्ब्युमिन कमी म्हणून बाटली लावा?

पुढचा मुद्दा माझ्या व्यवसायबंधूंना टोचेल, पण लिहितोच. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन २.४ आलं की 'पेशंट कुपोषित आहे, प्रोटीन कमी झालंय' असं नातेवाइकांना सांगितलं जातं. मग कधी अल्ब्युमिनची बाटली लागते, कधी प्रोटीनचा डबा लिहिला जातो.

वर सांगितलं तसं, दाहात यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं आणि असलेलं अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. त्यामुळे तीव्र दाहात अल्ब्युमिन घसरणं ही आजाराच्या जोराची खूण असते. कालपर्यंत नीट जेवणाऱ्या माणसाला सेप्सिस झालं तर त्याचंही अल्ब्युमिन दोन-तीन दिवसांत खाली येतं. उलट, खंगून हाडांचा सापळा झालेल्या पण दाह नसलेल्या माणसाचं अल्ब्युमिन ठीक असू शकतं. म्हणूनच अल्ब्युमिन हा पोषणाचा मापदंड धरू नये, हे आता आहारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थाही स्पष्ट सांगतात.

आता बाटलीचा हिशेब. २० टक्के अल्ब्युमिनच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं, आणि तिला काही हजार रुपये पडतात. २० ग्रॅम प्रथिनं तीन-साडेतीन अंड्यांत मिळतात. सिरॉसिसमध्ये पोटातलं पाणी मोठ्या प्रमाणात काढताना, किंवा त्या पाण्यात इन्फेक्शन झालं असताना अल्ब्युमिन द्यावंच लागतं, तिथे त्याला पर्याय नाही. पण 'ताकदीसाठी' किंवा 'पोषणासाठी' ते देणं म्हणजे रुग्णाच्या खिशाला भोक पाडणं आहे.

लोहाचंही थोडंफार असंच. दाहात यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं. त्यामुळे आतड्यातून लोह शोषलं जात नाही आणि साठ्यातलं लोह बाहेर येत नाही. अशा वेळी हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून लोहाच्या गोळ्यांचा मारा केला, तर बद्धकोष्ठ आणि मळमळ वाढते, रक्त फारसं वाढत नाही. आधी दाह शमवायचा, मग लोहाची कमतरता खरंच आहे का ते तपासून गोळ्या द्यायच्या.

पुरावा काय सांगतो

'खायला घातल्याने जीव वाचतात याला पुरावा आहे का?' असा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. पुरावा आहे.

स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत झालेला 'एफर्ट' नावाचा अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांहून अधिक भरती रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला रुग्णालयाचं नेहमीचं जेवण दिलं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक रुग्णासाठी कॅलरी आणि प्रथिनांचं लक्ष्य ठरवलं आणि ते गाठायची खटपट केली. त्यात आधी साधं जेवण, कमी पडलं तर पूरक पेय, अगदी गरज पडली तरच नळी. ३० दिवसांत नेहमीच्या जेवणाच्या गटात सुमारे १० टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात सुमारे ७ टक्के. म्हणजे साधारण ३७ जणांच्या ताटाकडे नीट लक्ष दिलं, तर एक जीव जास्त वाचतो. यात कोणतंही महागडं औषध नव्हतं.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेला 'रेशन्स' अभ्यास. फुप्फुसाच्या टीबीच्या २८०० रुग्णांना आणि त्यांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांना त्यात पाहिलं गेलं. सगळ्या रुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा दिला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे घरच्या माणसांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. तपासणीत जंतू सापडलेला टीबी तर ४८ टक्क्यांनी कमी. इतका परिणाम लसीने दाखवला असता, तर ती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली असती.

त्याच अभ्यासातल्या रुग्णांपैकी बहुसंख्यांचा बीएमआय १८.५ च्या खाली होता. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्के कमी दिसला. ज्यांचा आजार सौम्य त्यांचं वजन सहज वाढतं, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. म्हणून हा आकडा मी जपून वापरतो. पण ४० किलोच्या माणसाचं पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो. टीबीच्या रुग्णाचं वजन दर महिन्याला करून ते कार्डावर लिहिण्यासाठी याहून मोठं कारण लागत नाही.

सरकारला हे मान्य आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून टीबीच्या रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. स्वागत आहे. पण १००० रुपये म्हणजे दिवसाला ३३ रुपये. दोन अंडी, मूठभर शेंगदाणे आणि पाव लिटर दूध त्यात कसंबसं बसतं. शिवाय पैसे खात्यात जमा होतात, आणि घरात इतर चार तोंडं असतात. पैसे मिळाले का, त्याचं रुग्णाच्या पोटात काय गेलं, हे विचारणं डॉक्टरचंही काम आहे.

तिसरं उदाहरण सर्वात बोलकं. क्रोन्स नावाच्या आतड्याच्या दाहात लहान मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त ठरावीक द्रव पोषण देतात, दुसरं काहीही नाही. मुलांमध्ये आजार आटोक्यात आणायला हा उपाय स्टिरॉइडच्या तोडीचा ठरला आहे, आणि स्टिरॉइडने वाढ खुंटते तशी याने खुंटत नाही. इथे अन्नच मुख्य औषध आहे. पण तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या मुदतीत.

म्हणून कोंबून भरवायचं का? नाही.

आता माझ्याच बाजूच्या अतिउत्साही लोकांशी भांडतो. अन्न औषध आहे म्हटलं, तर जास्त मात्रेने अपायही होणारच.

स्विस अभ्यासातल्याच रुग्णांचं पुढे सीआरपीनुसार विश्लेषण झालं. सीआरपी १०० च्या आत होतं त्यांना पोषणाचा फायदा झाला. १०० च्या वर होतं त्यांच्यात तो दिसला नाही. दाहाचा डोंब उसळलेला असताना शरीर दिलेलं अन्न नीट वापरू शकत नाही.

बेल्जियममध्ये अतिदक्षता विभागातल्या ४६४० रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये आला. तोंडाने किंवा नळीने पुरेसं जात नाही म्हणून लगेच शिरेतून पूर्ण पोषण द्यायला सुरुवात केलेल्यांपेक्षा आठवडाभर थांबलेले रुग्ण लवकर बरे झाले, आणि त्यांच्यात इन्फेक्शन कमी झाली. २०१३ मध्ये गंभीर रुग्णांना ग्लुटामिन भरपूर दिल्याचा अभ्यास आला, त्यात मृत्यू वाढले. २०२३ मध्ये प्रथिनांची मात्रा जवळपास दुप्पट करून पाहिली. फायदा झाला नाही, आणि ज्यांच्या किडन्या बिघडल्या होत्या त्यांना नुकसान झाल्याची चिन्हं दिसली.

यातून 'मग खायला घालण्यात अर्थ नाही' असा निष्कर्ष काढणारे डॉक्टर आहेत. मला तो मान्य नाही. अँटिबायोटिकची दुप्पट मात्रा किडनीला घातक ठरली, म्हणून कोणी अँटिबायोटिक बंद करत नाही, मात्रा सुधारतो. हे अभ्यास एवढंच सांगतात, की पहिले काही दिवस, जेव्हा रक्तदाब सांभाळणंही कठीण असतं, तेव्हा थोडं थोडं द्या. दाह उतरू लागला, की मात्रा वाढवत न्या. आपल्याकडे नेमका हा दुसरा टप्पाच विसरला जातो. रुग्ण वॉर्डात येतो, घरी जातो, आणि पंधरा दिवसांनीही पेजेवरच असतो.

एक धोका तर प्रत्येक घराला माहीत हवा. जो माणूस पाच-सात दिवस जवळपास उपाशी आहे किंवा फार खंगलेला आहे, त्याला अचानक भरपूर खायला किंवा ग्लुकोज देऊ नये. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं, हृदयाची लय बिघडू शकते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दारूच्या सवयीच्या रुग्णात हा धोका अधिक असतो. अशांना आधी थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देऊन, रक्त तपासत, थोड्यापासून सुरुवात करावी लागते. हे काम रुग्णालयातच व्हायला हवं.

'दाहनाशक' डब्यांचा बाजार

आता दुसरं टोक. मोबाइल उघडा, 'शरीरातली सूज सात दिवसांत घालवा' असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. हळदीच्या कॅप्सूल, कसल्या कसल्या बिया, हिरव्या पावडरी, 'डिटॉक्स' काढे.

हळद स्वयंपाकात घाला, आनंदाने घाला. हळदीतला करक्युमिन हा पदार्थ प्रयोगशाळेतल्या पेशींवर दाह कमी करतो, हेही खरं. पण तोंडाने घेतलेलं करक्युमिन फारच कमी शोषलं जातं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातला पिपरीन मिसळून शोषण वाढवतात. असं वाढीव शोषणाचं करक्युमिन घेणाऱ्या काही लोकांना यकृताची गंभीर सूज आल्याची प्रकरणं अमेरिकेसह अनेक देशांत नोंदली गेली आहेत. भाजीत हळद घालणं आणि अर्काची कॅप्सूल रोज गिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यकृतापेक्षाही मोठं नुकसान वेगळ्या मार्गाने होतं. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झालेली चाळिशीची बाई मेथोट्रेक्सेट सुरू असताना कुठलासा व्हिडिओ पाहते. गोळ्या बंद करते. टोमॅटो, वांगी, डाळी, दूध, अंडी सगळं सोडते. सहा महिन्यांनी परत येते तेव्हा बोटं वाकडी झालेली असतात, आणि वजन सहा किलोने उतरलेलं असतं. सांध्याचं हाड एकदा कुरतडलं गेलं, की कोणताही आहार ते परत आणत नाही. संधिवातात चांगल्या आहाराचा उपयोग आहे. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने फायदा होतो, मासे किंवा माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ ने दुखणं थोडं कमी होतं. पण हे सगळं गोळ्यांच्या जोडीला. गोळ्यांच्या जागी नव्हे.

लठ्ठपणा, फॅटी लिव्हर आणि मधुमेहातही शरीरात मंद दाह असतो. तिथे उपाय बरोबर उलटा आहे. कमी खाणं, साखर आणि तळलेलं टाळणं, चालणं. 'दाह' हा एकच शब्द ऐकून सगळ्यांना एकच डबा विकणारा माणूस तुमचा आजार ओळखत नाही, तुमचं पाकीट ओळखतो.

'आजाऱ्यांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चॉकलेटी पावडरींचंही तसंच. डब्यामागचं लेबल वाचा. एका वेळच्या मात्रेत प्रथिनं किती आणि साखर किती? पुष्कळदा एका अंड्याइतकीही प्रथिनं नसतात. काही वैद्यकीय पूरक पेयं खरोखर उपयोगी असतात, तोंडाने जेवण पुरत नाही तेव्हा मीही ती लिहितो. पण आधी ताट भरा, मग डबा उघडा.

लंघन आणि पथ्य

'पण आपल्या शास्त्रातच लंघन सांगितलंय' असं मला हमखास ऐकवलं जातं. तीव्र तापात पहिला दिवस-दीड दिवस भूक नसेल, तर बळजबरी करू नये, हे मलाही मान्य आहे. पाणी आणि पातळ पदार्थ चालू ठेवावेत. पण त्याच आयुर्वेदात शोधनानंतर पेया, विलेपी, यूष आणि शेवटी मांसरस अशी पायरीपायरीने पूर्ण आहाराकडे नेण्याची पद्धत दिली आहे. आपण पहिली पायरी पकडली आणि तिथेच मुक्काम ठोकला.

पथ्यांची यादी तर घरागणिक लांबते. भाताने टाके पिकतात, डाळीने वात होतो, अंड्याने उष्णता वाढते, दह्याने कफ होतो, दुधाने पू होतो. टाक्यांत पू जंतूंमुळे होतो. जखम भरायला लागतात ती प्रथिनं, आणि तीच आपण काढून घेतो. मधुमेही रुग्णाला आजारात 'साखर वाढेल' म्हणून उपाशी ठेवतात. तिथे इन्सुलिन वाढवायचं असतं, जेवण तोडायचं नसतं. डायलिसिसवरच्या रुग्णाची प्रथिनं 'किडनीसाठी' तोडतात. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. हे नियम सोयीस्कर आहेत, कारण 'हे खाऊ नका' सांगायला दहा सेकंद लागतात. 'हे एवढं खा' सांगायला दहा मिनिटं लागतात.

मग करायचं काय?

घरात किंवा रुग्णालयात दाहाचा रुग्ण असेल तर एवढं करा:

१. पहिल्याच दिवशी वजन करा, लिहून ठेवा. सहा महिन्यांपूर्वीचं वजन आठवा. पाच टक्क्यांहून अधिक घट आपोआप झाली असेल, तर डॉक्टरांना सांगा.

२. रोज ताटात काय वाढलं हे न लिहिता पोटात काय गेलं ते लिहा. अर्धं उरलं तर अर्धं लिहा.

३. राउंडला डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: यांना दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं हवीत? त्यातलं किती जातंय? कमी पडतंय ते कसं भरून काढायचं? हे प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही.

४. भूक नसेल तर दोन-दोन तासांनी थोडं द्या. पेज द्यायचीच तर त्यात मुगाची डाळ शिजवा, वरून तूप घाला. आंबील ताकाऐवजी दुधात करून पाहा. वरण घट्ट द्या.

५. ५० किलोच्या माणसाचा दिवस असा बसवता येतो: दोन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या घट्ट वरण, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे किंवा दाण्याचा लाडू, तीन पोळ्या किंवा तेवढा भात, चार चमचे तेल-तूप. ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि १४०० च्या जवळ कॅलरी होतात. अंडी चालत नसतील तर पनीर, सोयाबीनच्या वड्या, पिठलं, सातूचं पीठ. मांसाहारी असाल तर माशाचं कालवण किंवा खिमा उत्तम. किडनी किंवा यकृताचा आजार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

६. डॉक्टरांनी परवानगी दिली की रुग्णाला उठवा, बसवा, चालवा. नुसतं खाऊन पलंगावर पडून राहिल्याने स्नायू परत येत नाहीत.

७. घरी गेल्यावर दोन-तीन महिने हे चालू ठेवा. ताप उतरला म्हणजे झीज भरून निघाली असं नसतं.

आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, 'डाएट – सॉफ्ट' लिहिणं बंद करा. वजन लिहा, कॅलरी लिहा, प्रथिनांचे ग्रॅम लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं किती गेलं ते विचारा. आहारतज्ज्ञ असेल तर तिला राउंडला बरोबर घ्या, फक्त डिस्चार्जच्या दिवशी छापील कागद द्यायला बोलावू नका. एखाद्या रुग्णाला तीन दिवस अँटिबायोटिक दिलंच गेलं नाही असं कळलं, तर वॉर्डात केवढा गोंधळ होईल! त्याच रुग्णाच्या पोटात तीन दिवस अन्न गेलं नाही, तरी कोणी आवाज चढवत नाही. तो आवाज चढवायची वेळ आली आहे. डॉक्टर चढवत नसतील, तर नातेवाइकांनी चढवावा.